नावापुढे फक्त किंमत

तारीख ५ जुलै १८२८. अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड नावाच्या मळेमालकाच्या इस्टेटीची मोजदाद झाली आणि कागदावर यादी उतरली: गाई, डुकरं, कापूस आणि ११ माणसं. जनावरांपुढे रक्कम, तशीच माणसांपुढेही. वय नाही, मूळ गाव नाही, कोण कुणाची आई आणि कोण कुणाचा नवरा याचा पत्ता नाही. अ‍ॅश्ली ब्रायन या चित्रकार-लेखकाने ही यादी समोर ठेवून २०१६ साली ‘फ्रीडम ओव्हर मी’ हे पुस्तक केलं, तेव्हा त्याचं वय ९३ होतं. अकराही जणांना त्याने वय दिलं, आफ्रिकेतलं नाव दिलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन कविता दिल्या. पहिलीत त्या माणसाचं काम: कुणी स्वयंपाकीण, कुणी सुतार, कुणी शिवणकाम करणारी. दुसरीत त्याचं स्वप्न.

पुस्तक मुलांसाठीचं, चित्रांचं. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यावर ज्या पद्यकादंबऱ्या आणि दीर्घकाव्यं आली, त्यांची सगळी अडचण आणि सगळं सामर्थ्य या एका यादीत सापडतं. गुलामांबद्दलचे कागद मालकांनी लिहिलेले. खरेदीखतं, जहाजांच्या रोजनिश्या, पळून गेलेल्यांना पकडून देण्याच्या जाहिराती, विम्याचे दावे, कोर्टाचे निकाल. ज्याच्यावर हे सगळं गुदरलं त्याचा शब्द क्वचित. गद्य कादंबरीकाराला मग घर उभं करावं लागतं: भिंती, दिवे, जेवणाची ताटं, दोन माणसांमधलं बोलणं. वाचकाला वाटतं, सगळं कळलं. पद्यात लिहिणाऱ्याला मात्र दोन ओळींमधली जागा तशीच सोडता येते आणि ती सोडलेली आहे हे दिसूही देता येतं. या पुस्तकांत पद्य कशासाठी, या प्रश्नाचं माझ्या मते हेच खरं उत्तर आहे. ज्यांना ते उमगलं त्यांची पुस्तकं टिकतील. बाकीच्यांनी एंटरची कळ दाबून गद्याच्या ओळी पाडल्या आहेत.

कादंबरी पद्यात कशी असेल, असं मराठी वाचकाने तरी विचारू नये. आपण ‘कादंबरी’ हा शब्दच बाणभट्टाच्या नायिकेकडून घेतला, आणि बाणाच्या त्या कृतीला गद्यकाव्य म्हणायची परंपरा आहे. शिवाय ‘विरहतरंग’, ‘आंबराई’ अशी खंडकाव्यं आपल्या आजोबांच्या पिढीने आवडीने वाचली. युरोपात या प्रकाराचा मेरुमणी म्हणजे पुश्किनचा ‘येवगेनी ओनेगिन’. तो १८३३ साली पूर्ण पुस्तकरूपात आला, आणि त्याच्याच छंदात विक्रम सेठने १९८६ साली ‘द गोल्डन गेट’ लिहिली. पुश्किनचा पणजोबा अब्राम गान्निबाल हा आफ्रिकेतून लहानपणी धरून आणलेला मुलगा. तो कॉन्स्टँटिनोपलमार्गे पीटर द ग्रेटच्या दरबारात पोचला आणि पुढे सेनानी झाला. ‘ओनेगिन’च्या पहिल्याच प्रकरणात पुश्किन आफ्रिकेचा उल्लेख ‘माझी’ असा करतो. म्हणजे ज्या माणसाने हा प्रकार घडवला, त्याच्याच घराण्यात एका गुलाम मुलाची गोष्ट होती. ती त्याने पद्यात लिहिली नाही. गद्यात लिहायला घेतली आणि अर्धवट टाकली.

अमेरिकेत या विषयाला मोठ्या पद्यात हात घालणारा एक नामवंत कवी गोरा होता. स्टीफन व्हिन्सेंट बेने याचं ‘जॉन ब्राउन्स बॉडी’ १९२८ साली आलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. यादवी युद्धाचा तो अवाढव्य पट आहे. त्यात एके ठिकाणी कवी थांबतो आणि कबूल करतो की काळ्या माणसांचं महाकाव्य गाणं आपल्याला जमणारं नाही, ते दुसऱ्या कुणाचं काम आहे. रॉबर्ट हेडन या तरुण कृष्णवर्णीय कवीने ते आमंत्रण समजून घेतलं. त्याची ‘मिडल पॅसेज’ ही कविता १९४५ साली छापून आली. लांबीने ती कादंबरी नव्हे, पण पुढच्या सगळ्यांनी तिच्याकडून उसनवारी केली आहे. १८३९ साली क्यूबाजवळ ‘आमिस्ताद’ जहाजावर ५३ बंदिवानांनी बंड केलं, त्यांचा म्होरक्या सिंके, आणि १८४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मोकळं केलं, ही तिच्यामागची हकिकत. हेडनने बोलायला लावलं ते व्यापाऱ्यांना. जहाजाची रोजनिशी, साक्ष, मध्येच देवाची प्रार्थना. मालकाचाच कागद मालकाविरुद्ध उभा राहतो. ही युक्ती वाटते तितकी सोपी नाही. खलनायकाला जरा जरी खलनायकासारखं बोलायला लावलं तरी ती फसते.

हेडनच्या कवितेत सिंके स्वतः जवळजवळ बोलतच नाही. ती गप्प जागा केव्हिन यंगने ‘आर्डेन्सी’मध्ये (२०११) उघडली. तुरुंगात ठेवलेल्या या मेंदे जमातीच्या बंदिवानांना कनेक्टिकटमधले धर्मनिष्ठ लोक इंग्रजी आणि बायबल शिकवत होते. या बंदिवानांनी लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्या मोडक्या, नुकत्याच शिकलेल्या इंग्रजीतून यंगने कविता काढली. माझी सुटका करा, हे ज्यांनी मला पकडलं त्यांच्याच भाषेत, त्यांना रुचेल अशा शब्दांत मला सांगावं लागतं. ही लाचारी आणि त्यातली हुशारी दोन्ही एकाच ओळीत येतात.

कनेक्टिकटमधलीच आणखी एक गोष्ट. वॉटरबरी गावात फॉर्च्यून नावाचा गुलाम १७९८ साली मेला. त्याचा मालक हाडं बसवणारा डॉक्टर. त्याने फॉर्च्यूनचं प्रेत पुरलं नाही. हाडं सुटी करून, स्वच्छ करून अभ्यासासाठी ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या तो सांगाडा त्या घराण्यात राहिला, मग गावच्या म्यूझियममध्ये गेला. कवटीवर कुणीतरी ‘लॅरी’ असं लिहिलं होतं. खरं नाव लोक विसरले होते. मॅरिलिन नेल्सनने ‘फॉर्च्यून्स बोन्स’ (२००४) लिहिलं ते मृताच्या शांतीसाठी म्हणतात त्या चर्चमधल्या प्रार्थनेच्या बांधणीत. एका पानावर माहिती, समोरच्या पानावर कविता. त्यात फॉर्च्यूनची बायको डायना बोलते. ती त्याच घरात कामाला. ज्या खोलीत नवऱ्याची हाडं आहेत ती खोली झाडायचं काम तिच्याकडे. यापुढे कवयित्री फारसं काही बोलत नाही, आणि ते बरंच करते. हेच गद्यात असतं तर डायना रडली असती, कुणीतरी तिचं सांत्वन केलं असतं, खिडकीबाहेर पाऊस पडला असता. २०१३ साली फॉर्च्यूनच्या हाडांना अखेर मूठमाती मिळाली. त्याआधी राज्याच्या विधानभवनात त्याची शवपेटी सन्मानाने ठेवली होती.

कागदाशी असलेलं हे नातं टोकाला नेलं ते एम. नूरबेसे फिलिप हिने. ती टोबॅगोत जन्मलेली, टोरांटोत वकिली केलेली. १७८१ साली ‘झाँग’ या जहाजाच्या कप्तानाने पाणी कमी पडतं या सबबीवर १३०हून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकायला लावली. नंतर मालकांनी ‘माल’ बुडाला म्हणून विम्याची रक्कम मागितली. कोर्टात प्रश्न होता तो विम्याचा, खुनाचा कुणी नेलाच नाही. त्या खटल्याचा छापील वृत्तांत जेमतेम पान-दोन पानांचा. फिलिपने ‘झाँग!’ (२००८) रचलं ते याच वृत्तांतातले शब्द फोडून, तोडून, पानभर पसरून. पानं तळापर्यंत वाचता येत नाहीत. शब्द गटांगळ्या खातात. ही कादंबरी नाही, कारण इथे गोष्ट सांगायलाच नकार आहे. खरं सांगायचं तर मला ती सलग वाचता आली नाही. दहा-दहा पानांनी खाली ठेवली. तरी इतर पुस्तकं वाचताना ती कानाशी राहते: इतकी सुबक गोष्ट तुला मिळाली कुठून, असं विचारत.

आता क्यूबा. या साऱ्या लेखनात सर्वांत सलग काम एकट्या मार्गारिटा एंगलच्या नावावर आहे आणि ते सगळं क्यूबाभोवती फिरतं. एंगल कॅलिफोर्नियात जन्मली, आई क्यूबातली, शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. २००६ साली तिचं ‘द पोएट स्लेव्ह ऑफ क्यूबा’ आलं. ते ज्याच्यावर आहे तो हुआन फ्रान्सिस्को मान्झानो १७९७ साली गुलामीत जन्मला. पहिल्या मालकिणीने त्याला पोटच्या पोरासारखं मिरवलं. तो ऐकलेली प्रवचनं जशीच्या तशी म्हणून दाखवायचा, तिला कौतुक. ती गेली आणि प्रादो आमेनोच्या मार्केसाच्या हाती तो पडला. एकदा बागेत मनातल्या मनात कविता जुळवताना त्याने नकळत जिरेनियमचं एक पान चुरगळलं. बाईंना वास आला. त्या एका पानासाठी त्याला कोंडून फटक्यांची शिक्षा झाली. लिहायला मनाई होती, म्हणून मालकाने टाकून दिलेल्या कागदांवरची अक्षरं गिरवत तो लिहायला शिकला. १८३५ साली हावानातल्या दोमिंगो देल मोंते या साहित्यिकाच्या सांगण्यावरून त्याने आत्मकथा लिहिली. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी वर्गणी काढून त्याला विकत घेतलं आणि मोकळं केलं. आत्मकथा आधी इंग्रजीत छापली गेली, १८४० साली लंडनमध्ये. तिच्या मूळ स्पॅनिशला छापखाना दिसायला १९३७ साल उजाडलं.

एंगलने हे अनेक तोंडांनी सांगितलं आहे. मान्झानो, त्याचे आईबाप, आणि मार्केसाही. मार्केसाच्या कविता सर्वांत अस्वस्थ करतात, कारण ती स्वतःला छळवादी समजतच नाही. आपणच छळले जातोय अशी तिची तक्रार. जिची चाकरी करण्यात जन्म गेला अशा एखाद्या थोरल्या घरच्या बाईंची तक्रार ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा सूर परका वाटणार नाही.

दोन वर्षांनी आलेलं ‘द सरेंडर ट्री’ मला या सगळ्या ढिगात सर्वांत भरीव वाटतं. नायिका रोसा, बायामोची रोसा कास्तेयानोस. गुलामीत जन्मलेली खरी स्त्री. १० ऑक्टोबर १८६८ला कार्लोस मान्युएल दे सेस्पेदेसने आपल्या साखरेच्या मळ्यातले गुलाम मोकळे केले आणि स्पेनविरुद्ध पहिलं युद्ध पुकारलं. तेव्हापासून १८९८पर्यंत तीन युद्धं झाली आणि रोसा तिन्हींत जंगलात, गुहांमध्ये दवाखाने मांडून बसली. औषध म्हणजे झाडपाला, साल, मुळ्या. इथे एंगलमधली वनस्पतिशास्त्रज्ञ कवयित्रीच्या मदतीला येते. कुठलं पान कशावर, हे ती हौसेने नाही, जाणतेपणाने लिहिते. रोसाच्या मागावर आयुष्यभर एक माणूस आहे, गुलाम पकडणाऱ्याचा मुलगा, ज्याला ती ‘लेफ्टनंट मृत्यू’ म्हणते. तोही बोलतो. जखमी शत्रू समोर आला की रोसा त्यालाही औषध लावते. हा आदर्शवाद खोटा वाटायचा धोका होता, तो टळला. कारण कविता एवढ्या तोकड्या आहेत की कुणाला भाषण द्यायला जागाच नाही.

आणि शेवट. गुलामगिरी क्यूबात १८८६ साली संपली. स्पेन १८९८ साली हरला. पण सांतियागोजवळ ज्या सेइबाच्या झाडाखाली (आपल्या सावरीच्या कुळातलंच ते) शरणागती झाली, तिथे क्यूबाच्या लढवय्यांना बसायला जागा नव्हती. निशाण चढलं ते अमेरिकेचं. पुस्तकाचं नाव त्या झाडावरून आहे. तीस वर्षं गुहेत काढलेल्या बाईला काय मिळालं, हे नावातच आलं. हे पुस्तक अमेरिकन मुलांना वाचायला दिलं जातं आणि २००९ साली त्याला न्यूबेरी सन्मानही मिळाला, हे मला गमतीचं वाटतं.

एंगलची बाकीची पुस्तकं भराभर सांगण्यासारखी. ‘द लाइटनिंग ड्रीमर’ (२०१३) गेर्त्रूदिस गोमेस दे आवेयानेदा हिच्यावर, जिची गुलामगिरीविरोधी कादंबरी ‘साब’ १८४१ साली आली, म्हणजे ‘अंकल टॉम्स केबिन’च्याही ११ वर्षं आधी. ‘लायन आयलंड’ (२०१६) क्यूबात मजुरीचा करार करून आणलेल्या चिनी माणसांवर. पुष्कळ पुस्तकं लिहिण्याचा तोटाही दिसतो. रोसा, तिचा नवरा, स्पॅनिश जनरल वेइलर, सगळे हळूहळू एकाच श्वासात बोलू लागतात. प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायचा तर छंदही वेगळा हवा.

तो प्रयोग आयरीन लेथम आणि चार्ल्स वॉटर्स यांनी ‘आफ्रिकन टाउन’मध्ये (२०२२) केला. बाहेरून गुलाम आणणं १८०८पासून बेकायदा असताना १८६० साली अलाबामातल्या टिमथी माहेर नावाच्या धनिकाने पैजेखातर ‘क्लोटिल्डा’ जहाज पाठवलं, ११० माणसं आणली आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळलं. पुस्तकात १४ आवाज, प्रत्येकाची रचना निराळी. जळणारं जहाजही बोलतं. सगळेच छंद साधलेले नाहीत. पण या पुस्तकाचं मोल दुसरीकडे आहे: ते १८६५ साली संपत नाही. मोकळे झालेले लोक माहेरकडे जमीन मागतात, तो देत नाही. मग लाकडाच्या गिरण्यांत राबून, पै पै जोडून ते त्याच भागात जमीन विकत घेतात आणि आफ्रिकाटाउन वसवतात. त्यांच्यातला कोसोला १९३५पर्यंत जगला. झोरा नील हर्स्टनने त्याची कहाणी त्याच्याच बोलीत टिपून घेतली, आणि बोलीतली म्हणूनच त्या काळी ती छापायला कुणी तयार झालं नाही. ती ‘बॅराकून’ या नावाने २०१८ साली आली. पुढच्या वर्षी नदीच्या गाळात जहाजाच्या सांगाड्याची ओळख पटली.

रचना आणि विषय यांची गाठ नीट बसली की काय होतं, हे कॅरोल बोस्टन वेदरफर्डच्या ‘बॉक्स’मध्ये (२०२०) दिसतं. बायको-मुलं विकली गेल्यावर हेन्री ब्राउनने १८४९ साली स्वतःला लाकडी खोक्यात बंद करून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सल केलं. २७ तास, त्यातले काही उलटं, डोक्यावर. कविता सहा ओळींच्या, खोक्याच्या सहा बाजूंसारख्या. ऐकायला चलाखी वाटते, वाचताना मात्र सातवी ओळ नसल्याने खरंच कोंडल्यासारखं होतं. याउलट फ्रेड डी’अग्वियारच्या ‘ब्लडलाइन्स’मध्ये (२०००) बायरनचा खेळकर अष्टपदी छंद वापरलाय, आणि कथा मळेमालकाच्या मुलाने गुलाम मुलीवर केलेल्या बलात्कारापासून सुरू होऊन प्रेमाकडे वळते. यमकं जुळत जातात तसा तो गुन्हा गुळगुळीत होतो. कवी मोठा आहे. पण ही कादंबरी मला पटली नाही.

क्वामे अलेक्झांडरच्या ‘द डोअर ऑफ नो रिटर्न’मध्ये (२०२२) बराच वेळ गुलामगिरी येतच नाही. १८६०चा असांते मुलूख, पोहणारा कोफी, आजोबांच्या गोष्टी, शाळेत मातृभाषा बोलल्याची शिक्षा. साखळदंड फार उशिरा. आधी घर दाखवल्याशिवाय काय हिरावलं ते कळत नाही, हे साधं शहाणपण फार थोड्यांना सुचलं.

बहुतेक पुस्तकं अमेरिकन शाळांच्या बाजारातून आलेली आहेत हे विसरून चालणार नाही. मोकळी पानं, झटपट वाचन, शिक्षकांना सोयीचं. ब्राझीलची वाट वेगळी. तिथे ईशान्येकडच्या बाजारांत दोरीवर टांगून विकायच्या पद्यपुस्तिका असतात, कोर्देल. आपल्या जत्रेतल्या पोवाड्या-लावण्यांच्या चोपड्यांच्या सख्ख्या बहिणी. जारिद आराएसने २०१७ साली १५ कोर्देलांत कृष्णवर्णीय वीरांगना मांडल्या. गाता येतील अशा.

पोवाडा म्हटलं की जोतीराव आठवतातच. १८६९ साली त्यांनी शिवाजीराजांचा पोवाडा रचला आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. त्या पुस्तकातही संवादाच्या जोडीला पद्य आहे. मलिक अंबर आपल्याकडे आहे: इथियोपियात जन्मून हातोहात विकला गेलेला, १६२६ साली निजामशाहीचा कर्ताधर्ता म्हणून मेलेला. ‘शिवभारता’त तो येतो, पण योद्धा म्हणून. बाजारात उभा केलेला मुलगा तिथे नाही.

आणि नाशिकचं शरणपूर आहे. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने पकडलेल्या गुलामांच्या गलबतांवरची आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवत, त्यांतली काही शरणपूरच्या मिशनमध्ये पाठवत. तिथे इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम. प्रवासी-मिशनरी लिव्हिंग्स्टनने १८६६ साली तिथली मुलं आफ्रिकेत सोबत नेली. पुढे त्याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७३च्या मे महिन्यात, पुण्यात ‘गुलामगिरी’ बाहेर पडायच्या सुमारास, चितांबो गावात लिव्हिंग्स्टन मेला. सोबत्यांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि खोडावर अक्षरं कोरली. शव त्यांनी महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. पुढच्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

ते झाड पुढे किडलं म्हणून तोडलं आणि अक्षरांचा तुकडा लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे गेला. त्यावर लिव्हिंग्स्टनचं नाव आहे, तारीख आहे, खाली सोबतच्या म्होरक्यांची तीन नावं आहेत. कोरणाऱ्याचं नाही.